कारणाचा रकाना रिकामा

नमस्कार ताई,

माझं वय ३८. एका कंपनीत हिशोबाचं काम करते. नवरा समजूतदार आहे, ९ वर्षांची मुलगी आहे, कर्ज नाही, घरात कुणाचं मोठं आजारपण नाही. तरी गेले चार महिने माझं काहीतरी बिनसलंय. पहाटे चारला जाग येते आणि छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटतं. सकाळ सगळ्यात वाईट जाते, संध्याकाळी जरा बरं असतं. घास घशाखाली उतरत नाही. वजन ५ किलोनं कमी झालंय. मुलगी चित्र दाखवते, मी ‘छान’ म्हणते आणि आत काहीच हलत नाही. ज्या चुका मी दुसऱ्यांच्या काढायचे, त्या आता माझ्याच हातून होतात.

मी एका वहीत दोन रकाने आखले. डावीकडे आयुष्यातलं चांगलं, उजवीकडे वाईट. उजवीकडे लिहायला काही सुचेना. माझ्या भावाची नोकरी गेल्या वर्षी गेली, तो मात्र हसतखेळत असतो. बहीण म्हणते, तुला सुख दुखतंय. नवरा रोज विचारतो, नक्की काय झालंय? एकदा कंटाळून मी ‘ऑफिसचा ताण’ म्हणून टाकलं. आता तो म्हणतो राजीनामा दे, आणि मीही देण्याच्या बेतात आहे. डॉक्टरांकडे जायची हिंमत होत नाही. ते पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतील आणि माझ्याकडे उत्तर नाही. कधी कधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये. पण एवढं वाटायला काही कारण तर हवं ना?

ता. क. मुलगी विचारते, आई तू अशी का झालीस? तिला काय सांगू?

– हिशोब न जुळलेली

*

नमस्कार,

पत्राच्या शेवटाकडे एक वाक्य तुम्ही घाईघाईनं लिहून पुढे सरकलात. ‘झोपावं आणि उठूच नये.’ मी आधी तिथंच थांबते. असं पुष्कळांना वाटतं आणि लाजेपायी ते कुणाला सांगत नाहीत. उठूच नये असं वाटणं आणि जीव द्यायचा विचार करणं यात अंतर आहे, पण ते अंतर कधी कधी फार लवकर मिटतं. कसं, कुठे, केव्हा, असं काही तुमच्या मनात घोळत असेल तर हे उत्तर इथंच बाजूला ठेवा. नवऱ्याला हाक मारा, आडपडदा न ठेवता सांगा, आणि आजच रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा आत्महत्या रोखण्यासाठी असलेल्या हेल्पलाइनला फोन करा. तसं काही घोळत नसलं, तरी हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर जायलाच हवं. ते विचारतील. नाही विचारलं तर आपण होऊन सांगायचं.

दुसरं, राजीनामा. तो देऊ नका, निदान आत्ता नको. त्याबद्दल पुढे बोलू.

आता तुमचा प्रश्न. नाही, कारण लागत नाही.

नैराश्याचं निदान करताना डॉक्टर साधारण नऊ गोष्टी पाहतात. मन सतत उदास असणं, कशातच रस किंवा आनंद न वाटणं, भूक किंवा वजनात बदल, झोप बिघडणं, हालचाल मंदावणं किंवा जिवाची तगमग होणं, थकवा, स्वतःला दोष देत राहणं किंवा कुचकामी वाटणं, लक्ष न लागणं, आणि मरणाचे विचार. यांपैकी किमान पाच, त्यांत पहिल्या दोहोंतली एक तरी, दोन आठवडे जवळजवळ रोज, आणि त्यापायी रोजचं जगणं अडलेलं. पत्रावरून निदान करायचं नसतं आणि मी ते करत नाही, पण तुमचं पत्र वाचताना माझी बोटं आपोआप मिटत गेली. दोन आठवडे सोडा, तुमचे चार महिने झालेत. आता ती यादी पुन्हा वाचा. तिच्यात ‘कारण’ नावाचा रकाना कुठे आहे?

पूर्वी मात्र तो होता. विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टर नैराश्याचे दोन गट करत. बाहेरच्या घटनेमुळे आलेलं ते ‘रिॲक्टिव्ह’, आणि कारण दिसत नाही, आतूनच उगवलेलं ते ‘एंडोजीनस’. तुमच्या बहिणीला आश्चर्य वाटेल, पण या दोहोंत जास्त शारीरिक आणि जास्त ‘खरा’ आजार मानला जायचा तो दुसरा, विनाकारण आलेला. त्याची ओळख काय सांगत? पहाटे फार लवकर जाग येणं, सकाळी त्रास जास्त आणि दिवस कलताना उतार, भूक मरणं, वजन घटणं, आणि चांगलं काही घडलं तरी मन जागचं न हलणं. तुमचं पत्र जणू त्या वर्णनावरून बेतलंय. संध्याकाळी तुम्ही जरा बोलता-हसता म्हणून कुणी ‘आता कशी बरी आहेस’ असा टोमणा मारत असेल, तर त्या व्यक्तीला हे जरूर वाचायला द्या.

पुढे लक्षात यायला लागलं की ही वाटणी टिकत नाही. ‘आतून’ आलेल्या म्हटलेल्या नैराश्याआधीही खोदून विचारलं तर काही ना काही घडलेलं निघायचं, आणि कारण ठळक असलेल्यांमध्येही पहाटेची जाग न् मेलेली भूक दिसायची. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेनं आपल्या निदान-पुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली, तेव्हा कारणाचा प्रश्न बाजूला ठेवून लक्षणांवरून निदान करायचं ठरलं. जवळचं माणूस गेल्यानंतरचा काळ तेवढा अपवाद राहिला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तोही काढला, आणि त्यावरून बरीच खडाजंगी झाली. मला स्वतःला त्या वादात टीकाकारांचं पुष्कळसं पटतं; शोक म्हणजे आजार नव्हे. पण त्या वादात कुणीही असं म्हणत नव्हतं की ज्याच्या दुःखाला कारण नाही त्याला आजारी म्हणू नका. भांडण उलट होतं. कारण स्पष्ट असताना आजार म्हणावं का, यावर होतं.

आजाराला कारणाचा दाखला आपण एरवी मागत नाही. रक्तदाब वाढलेल्या दहा माणसांपैकी निदान नऊ जणांत त्यामागचं एक असं नेमकं कारण सापडत नाही. डॉक्टर गोळी लिहून देतात, मीठ कमी करा म्हणतात, चालायला सांगतात. ‘सगळं चांगलं चाललंय, मग तुला रक्तदाब कशाला हवा?’ असं कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, साधारण निम्म्या रुग्णांतही कारण कळत नाही. मनाच्या आजाराशी मात्र आपण वकिलासारखे वागतो. आधी पुरावा आणा.

पण कारण लागत नाही याचा अर्थ कारण नसतं, असा नाही. तुमची वही इथं थोडी चुकली. तुम्ही उजव्या रकान्यात घटना शोधल्या. नोकरी गेली का, कुणी गेलं का, कुणी फसवलं का. यातलं काही नाही, म्हणून शून्य. नैराश्याकडे नेणाऱ्या कितीतरी गोष्टी घटना या सदरात बसतच नाहीत.

जुळ्यांवरच्या अभ्यासांमधून असं दिसलंय की कुणाला नैराश्य येतं आणि कुणाला नाही, या फरकाचा साधारण ३५ ते ४० टक्के भाग आनुवंशिकतेशी जोडता येतो. त्यासाठी एकच एक जनुक नाही. प्रत्येकी अगदी बारीक असर असलेली पुष्कळ आहेत. आई, मावशी, आजोबा यांच्यापैकी कुणी ‘गप्प गप्प’ असायचं का, कुणाचं ‘डोकं दुखायचं’ म्हणून महिनोन्महिने अंथरूण सुटत नव्हतं का, हे एकदा आठवून पाहा. तेव्हा त्याला कुणी नैराश्य म्हटलं नसेल. याआधी, विशीत किंवा बाळंतपणानंतर, तुम्हालाही असा काळ येऊन गेला होता का? रॉबर्ट पोस्ट या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये मांडलं की पहिल्या खेपेला मोठा धक्का लागतो, पण दर खेपेगणिक आणखी लहान धक्काही पुरतो, आणि पुढे तर दिसण्याजोग्या धक्क्यावाचूनही नैराश्य येऊ शकतं. तो विचार सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, पण ‘या वेळी तर काहीच झालं नव्हतं’ असं म्हणणाऱ्या अनेकांची गोष्ट त्यात बसते.

आणि शरीर. ते तुमच्या वहीत कुठेच नाही. थायरॉईडचं काम मंदावलं तर नैराश्यासारखीच लक्षणं येतात. बी १२ जीवनसत्त्व कमी पडलं, रक्त कमी झालं, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडत असला, स्टेरॉईडसारखं औषध चालू असलं, रोजचं मद्यपान असलं, तरी तेच. पाळी बदलायला लागलीय का हेही पाहायला हवं. ३८ हे त्यासाठी लवकरचं वय आहे, पण अशक्य नाही. आणखी एक म्हणजे थायरॉईडचं काम वाढलं तर वजन उतरतं, झोप उडते, जीव घाबरा होतो. ५ किलो वजन आपोआप जाणं ही गोष्ट ‘मनाचं असेल’ म्हणून सोडून द्यायची नाही. ‘कारण शोधा’ म्हणणाऱ्यांशी माझं एवढ्यापुरतं एकमत आहे. कारण शोधायचंच असेल तर आधी रक्ताच्या तपासणीत शोधा. आयुष्याची उलटतपासणी नंतर.

भावाशी तुलना करून तुम्ही स्वतःला कमी लेखताय. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी दक्षिण लंडनमधल्या बायकांच्या मुलाखती घेऊन १९७८ मध्ये या विषयावरचं मोठं काम प्रसिद्ध केलं. नैराश्य आलेल्या बहुतेकींच्या बाबतीत आधी काही गंभीर घडलेलं होतं, हे त्यांना दिसलं. पण गंभीर घडलेल्या बायकांपैकी बहुतेकींना नैराश्य आलेलं नव्हतं, हेही दिसलं. म्हणजे कारण हाताशी असूनही आजार येईलच असं नाही. तुमचा भाऊ त्या बहुतेकांमधला. त्याचं नशीब म्हणा, घडण म्हणा. त्यातून तुमच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आता त्या ‘ऑफिसच्या ताणा’कडे येऊ. मला तुमच्या पत्रात सगळ्यात काळजीची वाटली ती ही गोष्ट (ते एक वाक्य सोडून). नवऱ्याला काहीतरी द्यायचं म्हणून तुम्ही एक कारण दिलंत. इतपत ठीक. पण आता तुमचाच त्यावर विश्वास बसायला लागलाय, आणि राजीनाम्याचा मसुदा डोक्यात तयार होतोय. माणसाचं मन कारणं फार सहज तयार करतं. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये एका प्रयोगाबद्दल लिहिलं होतं. त्यांनी लोकांसमोर नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीनं मांडले आणि चांगला कोणता ते विचारलं. सगळ्यात उजवीकडचा जोड डावीकडच्याच्या जवळपास चौपट लोकांनी निवडला. हाच का, असं विचारल्यावर कुणी वीण चांगली म्हटलं, कुणी पोत. चारही जोड तंतोतंत एकसारखे होते. जागेमुळे निवडला असेल का, असं विचारल्यावर बहुतेकांनी साफ नाही म्हटलं, काहींनी तर विचारणाऱ्याकडेच संशयानं पाहिलं.

मोज्यांचं ठीक आहे. पण उदास मनाला ‘असं का?’ विचारलं तर ते हाताशी असेल ते उचलून देतं. ऑफिस. लग्न. मूल. आपण निवडलेलं आयुष्य. उदासीच्या चष्म्यातून यातलं काहीही दोषी दिसू शकतं. मग माणूस नोकरी सोडतो, घर सोडतो, आणि पहाटे चारची जाग त्याच्यासोबत नव्या जागी येते. वर आता हातात नोकरीही नसते. म्हणून मी म्हणते, बरं वाटायला लागून काही महिने जाईपर्यंत मोठा निर्णय नको. आजारपणाची रजा मिळत असेल तर ती घ्या. बऱ्या झाल्यावरही ऑफिस नकोसंच वाटलं, तर खुशाल सोडा. तेव्हा तो निर्णय तुमचा असेल.

आणि त्या दोन रकान्यांच्या वहीबद्दल. रोज काढता का ती? पहाटे चारला? तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की काढत असणार, वही नाही तर मनातल्या मनात तरी. मी अशी का झाले, माझं काय चुकलं, बाकीच्यांना जमतं ते मला का जमत नाही. हा विचार वाटतो पण विचार नसतो, ते घाण्याच्या बैलाचं फिरणं असतं. सुझन नोलन-होक्सिमा या मानसशास्त्रज्ञांनी अशा घोळणीवर आयुष्यभर काम केलं. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांच्या मनाची मोजणी केली होती, आणि योगायोग असा की दोन आठवड्यांनी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, तिथं मोठा भूकंप झाला. त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा गाठलं. ज्यांना आधीपासून दुःखाचं ‘का’ घोळवत बसायची सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर नैराश्याची लक्षणं जास्त दिसली, आणि सात आठवड्यांनीही तसंच चित्र होतं. त्यांच्या बाबतीत कारण तर चांगलं जमीन हादरवणारं होतं. तरी घोळवण्यानं त्यात भरच पडली. तुम्ही कारणाचा शोध म्हणून जे करताय, त्यातला बराचसा भाग आजाराचंच एक लक्षण असावा. ती वही काही आठवडे दुसऱ्या कुणाच्या कपाटात ठेवा. खरंच.

डॉक्टरांकडे काय बोलायचं? ‘काय झालं?’ हा प्रश्न ऐकून तुमचा गोंधळ होतो, कारण तुम्ही तो ‘कशामुळे झालं?’ असा ऐकता. डॉक्टर बहुधा ‘काय त्रास होतोय?’ एवढंच विचारत असतात. एका कागदावर लिहून न्या: चार महिने झाले. पहाटे चारला जाग. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. ५ किलो वजन घटलं. कशातच आनंद नाही. कामात चुका. मरणाचा विचार कधी कधी. कारण सांगता येत नाही. बस, एवढं पुरे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं त्यातच लिहा. आणि याच्या अगदी उलट काळ आयुष्यात कधी आला होता का, झोप न घेताही अंगात प्रचंड उत्साह, बोलणं भरधाव, सढळ हातानं खर्च, तेही आठवून सांगा. तसा काळ आला असेल तर आजार वेगळा असू शकतो, आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी कधी कधी उलटते. नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल; एवढी लक्षणं पाहून ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. त्यांनी ‘छे, काही नाही, मन रमवा’ म्हणून वाटेला लावलं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

कारण न कळता औषध कसं घ्यायचं, असं तुमच्या मनात येईल. नैराश्यावरची पहिली औषधं मुळात कारण समजून कुणी तयार केली नव्हती. १९५० च्या दशकात क्षयरोगावर देऊन पाहिलेल्या एका औषधानं रुग्ण एकदम टवटवीत व्हायला लागले, तिथून ती गोष्ट सुरू झाली. उपचार आधी हाती आला, कारणाचा शोध अजून चालू आहे. ‘मेंदूतलं सिरोटोनिन नावाचं रसायन कमी झालंय’ हे उत्तर तुम्हाला कुणीतरी देईल. ऐकायला बरं वाटतं, पण २०२२ मध्ये झालेल्या एका मोठ्या आढाव्यात त्याला सातत्यानं आधार सापडला नाही. गोळ्या बऱ्याच जणांना उपयोगी पडतात, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही. फरक जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. बरं वाटल्यावरही सहसा निदान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. सोबत बोलण्याचे उपचार आहेत. त्यांतला एक तुम्हाला पटेल असं मला वाटतं, कारण तो ‘का’ला हातच लावत नाही. मन लागो न लागो, दिवसाच्या ठरलेल्या वेळी ठरलेली छोटी गोष्ट करायची, आणि केल्यावर कसं वाटलं ते टिपून ठेवायचं. वहीच हवी असेल तर ही वही ठेवा.

नवऱ्याला सांगा की ऑफिसचा ताण हे मी उगाच सांगितलं होतं, खरं उत्तर माझ्याकडे नाही. बिचारा दुरुस्त करायची वस्तू शोधतोय. त्याला वस्तू द्या: डॉक्टरांची वेळ घेणं, सोबत येणं, सकाळी मुलीचं आवरून देणं, रोज वीस मिनिटं तुम्हाला घेऊन चालायला जाणं. बहिणीला आत्ता काही पटवत बसू नका, त्याला लागणारी ताकद सध्या तुमच्याकडे नाही.

आणि मुलगी. तिला नक्की सांगा, आणि लवकर. नऊ वर्षांचं मूलही तुमच्यासारखंच कारण शोधत असतं. त्याला रकाने आखायला येत नाहीत, आणि उत्तर सापडलं नाही की ते स्वतःचंच नाव लिहून मोकळं होतं: मी हट्ट केला, माझं चित्र आईला आवडलं नाही. म्हणून सांगताना अगदी सोपं सांगा. ‘मला बरं नाहीये. या आजारात मजा वाटायची बंद होते, म्हणून तुझं चित्र बघूनही मी गप्प होते. हे तुझ्यामुळे झालेलं नाही, आणि मला बरं करायचं काम तुझं नाही. मी आणि बाबा डॉक्टरांकडे जाणार आहोत.’ मग ती विचारेल, ‘पण कशामुळे झालं?’ तेव्हा म्हणा, ‘ते मलाही माहीत नाही गं.’ मुलांना या उत्तराची आपल्याइतकी भीती वाटत नाही. ती थोडा वेळ तुमच्याकडे पाहील आणि बहुधा दुसरंच काहीतरी विचारेल.